तीस भुतं, पाच रोही, एक म्हातारी आणि एक पळस

माझ्या बोटभर पुतळ्यांच्या फौजेत हिरवा रंग नाही. झाडांच्या अंगाची माणसं आहेत, रानातली भुतं आहेत, पण हिरवं पान औषधालाही सापडायचं नाही. पहिल्या महिन्याचं काम टेबलावर मांडलं तेव्हा माझा मावसभाऊ म्हणाला, "ताई, हिरवी बाटली संपली होती काय वो?" त्याला म्हटलं, "मे महिन्यात पेंचला जा, सिल्लारी गेटातून आत शीर, आणि नाल्याकाठची जांभळं सोडून कुठे हिरवं दिसलं की मला फोन कर."

ही गोष्ट २०२३ सालची. त्या गुढीपाडव्याला आम्ही चौघांनी पैज लावली, की पोळ्यापर्यंत प्रत्येकाने एक अख्खी फौज रंगवून दाखवायची. मी नागपुरात धंतोलीतल्या एका डेंटल लॅबमध्ये सिरॅमिकचं काम करते, म्हणजे दातांच्या कॅपवर पोर्सलिनचे थर चढवते. मावसभाऊ मिहानमध्ये नोकरीला. तिसरे कोराडीच्या वीजकेंद्रातले इंजिनीअर, त्यांना आम्ही नुसतं कोराडीवाले म्हणतो. चौथे निवृत्त ड्रॉइंग मास्तर, आमच्या सगळ्यांचे सर. लॅबमध्ये नवीन आलेली पोरगी परवा म्हणाली, "मॅडम, मलाही करून बघायचं आहे, पण फौज म्हटलं की धडकीच भरते." तिच्यासाठी हे लिहायला घेतलं. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बोटाच्या पेराएवढे पुतळे असतात, साधारण २८ मिलिमीटर उंचीचे. ते जोडायचे, रंगवायचे, आणि मग जेवायच्या टेबलावर दोन फौजा समोरासमोर मांडून टेप आणि फासे घेऊन लढवायच्या. ब्रिटनच्या गेम्स वर्कशॉपने १९८३ मध्ये वॉरहॅमर आणला आणि तिथून हे वेड जगभर पसरलं. आम्ही वनपेजरूल्सचा 'एज ऑफ फँटसी' खेळतो. नियम फुकट मिळतात, पुतळे कुणाचेही चालतात, आणि एक गट तुम्ही हलवला की पुढचा समोरच्याने हलवायचा असतो, त्यामुळे अर्धा तास नुसतं दुसऱ्याचं तोंड बघत बसावं लागत नाही.

महिन्याच्या हप्त्यांची कल्पनाही आमची नव्हे. नव्वदच्या दशकात ब्रिटनमधल्या एका मासिकात चार खेळाडूंनी महिन्या-महिन्याने आपापली फौज वाढवत नेली होती, तेव्हापासून लोक तिची नक्कल करत आले आहेत. आम्ही महिने तेवढे आपले घेतले. पाडव्याला सुरुवात, आणि दर अमावस्येला त्या महिन्याचा गट सरांच्या घरी हजर. पूर्ण म्हणजे पुतळा जिच्यावर उभा असतो त्या खालच्या चकतीसकट पूर्ण. ज्याचा गट अपुरा राहील त्याने सगळ्यांना तर्री पोहे खाऊ घालायचे, आणि तर्रीसुद्धा दुसऱ्यांदा मागितली तर द्यायची. माझ्या आईला ती तिथीच पटली नाही. "अवं, अवसेच्या दिवशी भुतं मोजत बसता काय तुम्ही?"

वहीत मी असं मांडलं होतं: चैत्र, वैशाख, ज्येष्ठ या तीन महिन्यांत दहा-दहा भुतं, आषाढात पाच रोहीस्वार (रोही म्हणजे नीलगाय), श्रावणात म्हातारी आणि पळस. या छंदातले बहुतेक लोक सांगतील की आधी सरदार रंगवा, हुरूप येतो. मला हे पटत नाही. हुरूप पाडव्याला फुकटच असतो, तो सरदारावर कशाला उधळायचा? कंटाळवाण्या तीस भुतांना तो आधी लावायचा, आणि पोळ्याच्या तोंडावर, जेव्हा जीव मेटाकुटीला येतो, तेव्हा ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला तो पळस समोर असला पाहिजे. शिवाय प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराचा, फवारा दमट हवेत दगा देतो. म्हणून रंगवायचं पुढे कधीही असो, सगळ्यांच्या अंगावर प्रायमर पावसाळ्याआधी चढलाच पाहिजे, हे वहीत लाल पेनाने लिहिलं होतं.

पण वहीतला खरा कामाचा भाग दुसरा होता. प्रत्येक गटासाठी तीन रकाने: किती लांबून दिसणार, काय दिसणार, काय सोडायचं. लॅबमध्ये हा तिसरा रकाना नसतोच. दात आरशात वीतभर अंतरावरून बघितला जातो, आणि काम जमलं याची खूण एकच, की ते कुणाच्या लक्षातच येत नाही. समोरचा म्हणाला "छान कॅप बसवली हो," की समजायचं फसलं. फौजेचं बरोबर उलटं आहे. ती टेबलाच्या या टोकाला उभं राहून बघायची, एकदम तिशीच्या तिशी, आणि ती नजरेत भरली नाही तर केली कशाला? लांबून पुतळ्याच्या भुवया दिसत नाहीत. दिसतो तो उजेड-अंधारातला फरक, दिसतात एकसारखे चेहरे, आणि दिसतात चकत्या. म्हणून भुतांसाठी मी नियम केला: लूप, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, लावायची नाही. लूप लावली की मी डोळ्याच्या बाहुलीत ठिपका देणार, आणि तिथेच ज्येष्ठ संपणार. "सोडायचं"च्या रकान्यात डोळे, नखं, पट्ट्यांची टोकं, दातसुद्धा होते. दात सोडताना माझ्या जिवावर आलं हे खरं.

आता हिरव्याचं. बाजारात या धर्तीच्या फौजा असतात त्या युरोपातल्या जंगलाच्या, शेवाळलेल्या, ओल्या. मी ज्या रानात वाढले ते एप्रिलमध्ये खराट्यासारखं होतं. सागाची पानं गळून खाली तांबूस-तपकिरी गालिचा, त्यावर पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज. ऐनाच्या खोडावर मगरीच्या पाठीसारखे चौकोन. आणि मध्येच, टेकाडावर, एखादा कांडोळ. कांडोळ ज्याने दुपारच्या उन्हात बघितला आहे त्याला भूत वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पानं नाहीत, फांद्या वाकड्या, आणि खोड नागवं, पांढुरकं, कुठे गुलाबीसर तर कुठे राखी, वर कागदासारखी साल सुटलेली. गाईड लोक पर्यटकांना त्याला भुताचं झाडच म्हणून दाखवतात. माझी त्याच्याशी ओळख आणखी एका बाजूने आहे. त्याच्या खोडातून निघतो तो कराया डिंक कवळी हिरडीला चिकटून राहावी म्हणून लावायच्या पावडरीत वापरतात. म्हणजे माझं भूत आणि माझं पोट एकाच झाडावरचं. फौज कुठली करायची हे त्यानंतर ठरवायचं उरलंच नाही.

दुसरं म्हणजे पांढरा हा माझ्या रोजच्या हातखंड्याचा रंग. लॅबमध्ये दाताची छटा जुळवायला व्हिटाची पट्टी असते, ए-१ पासून डी-४ पर्यंत सोळा छटा. त्या सोळांत शुद्ध पांढरा एकही नाही, कारण तोंडात शुद्ध पांढरा नसतोच. आत पिवळट डेंटिन, वर अर्धपारदर्शक इनॅमल, आणि त्या दोघांतून जो उजेड परत येतो त्याला आपण पांढरा म्हणतो. कांडोळाची सालही तशीच आहे. खालून उबदार, वरून थंड. बाटलीतला निव्वळ पांढरा सरळ अंगावर लावला की पुतळ्याचे खळगे-उंचवटे सगळे मरतात आणि तो खडूचा तुकडा दिसायला लागतो. (कोराडीवाल्यांची फौज सापळ्यांची. त्यांच्या पहिल्या दहा सापळ्यांच्या कवट्या झकास होत्या, पण दात जाहिरातीतल्यासारखे शुभ्र. मेलेला माणूस, जमिनीत पुरलेला, आणि दात ब्लीच केलेले! मला ते बघवेना. त्यांना ए-४ जवळची छटा कालवून दिली, तेव्हा कुठे रात्री झोप लागली.)

रंगाची निवड चारांवर थांबवली. कांडोळाचा पांढरा, सागाच्या वाळल्या पानाचा तांबूस, खोडाचा राखी, आणि पळसाचा केशरी. केशरी फक्त पळसाला, आणि प्रत्येक गटाच्या म्होरक्याच्या अंगावर एक ठिपका. दहा भुतांत म्होरक्या कोण हे लांबून कळायला तेवढं पुरतं, आणि नजर शेवटी फिरून पळसावर जाते.

चकत्यांवर पाचोळा हवा होता आणि तो मापात हवा होता. २८ मिलिमीटरचा माणूस धरला तर एक मिलिमीटर म्हणजे साधारण सहा सेंटिमीटर. सागाचं फूटभर पान पाच मिलिमीटरचं झालं. युरोपातले लोक यासाठी बर्चच्या तुऱ्यांची टरफलं वापरतात. नागपुरात बर्च कुठून आणायचा? पण तुळशीची वाळलेली मंजिरी तळहातावर चोळून बघा. बी खाली गळतं आणि हातात उरतात ती बारीक तपकिरी टरफलं, कडा वळलेल्या, मध्ये खोलगट, हुबेहूब चुरमडलेलं सागपान. बारीक रेषाही असतात त्यांच्यावर, ड्रायब्रश, म्हणजे रंग पुसून जवळजवळ कोरडा केलेला ब्रश, फिरवला की त्या उठून येतात. आई आधी बोलली, "तुळशीचं भुतांच्या पायाशी कशाला?" मग स्वतःच वृंदावनापाशी बसून वाटीभर चोळून दिलं, बी तेवढं बाजूला पुडीत बांधून. खालची वाळू कन्हानची, चहाच्या जुन्या गाळणीतून चाळलेली, आणि तिच्यावर मुरमाचा लालसर रंग.

तीस एकसारखे पुतळे रंगवायचे कसे, याचं उत्तर महालात चितार ओळीत आहे. गणपतीच्या आधी तिथून कधीही जा. कारागीर एक मूर्ती घेऊन ती संपवत बसलेला दिसणार नाही. अंगाचा रंग ओळीतल्या सगळ्यांना, मग पीतांबर सगळ्यांना, मग सोनेरी, आणि डोळे सगळ्यात शेवटी, त्यातल्या जाणत्या हाताकडून. एक रंग काढला की तो ओळीच्या शेवटापर्यंत जातो. मी भुतं औषधांच्या रिकाम्या बाटल्यांच्या बुचांवर चिकटवली आणि पुठ्ठ्यावर ओळीने लावली. पहिल्या भुतापासून दहाव्यापर्यंत पोचेपर्यंत पहिलं वाळलेलं असतं, म्हणजे थांबायचं कारणच नाही. कंटाळा येतो. सहाव्या भुताला हमखास येतो. तिथे रेडिओ लावायचा. दुसरा इलाज मला तरी सापडलेला नाही.

आणि ऊन. या छंदाची जितकी माहिती मिळते ती थंड देशातल्या लोकांनी लिहिलेली असते. त्यांना पॅलेटवरचा रंग वाळतो ही तक्रार असते, पण आपल्याकडे ४५ अंशांत रंग ब्रशच्या टोकावर वाळतो, पुतळ्यापर्यंत पोचायच्या आत. त्यात समोर कूलर लावला की संपलंच. नागपुरी कूलर म्हणजे खोलीत वादळच, आणि ताटीचा कचरा उडून ओल्या रंगावर बसतो तो वेगळा. कूलर पाठीमागे ठेवायचा, वारा टेबलाखालून जाऊ द्यायचा. ओली पॅलेट लॅबमध्ये आम्ही पोर्सलिनसाठी वापरतोच, तीच युक्ती घरी: पोळ्यांचा पसरट स्टीलचा डबा, तळाशी ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद, कागदावर रंग. झाकण लावून ठेवलं तर दुसऱ्या दिवशीही रंग ओला मिळतो. नवतपाच्या कडक उन्हात मात्र स्पंजला मधूनमधून पाणी पाजावं लागतं.

प्रायमरचा डबा उन्हात अजिबात उघडायचा नाही. फवाऱ्याचे थेंब वाटेतच वाळतात आणि पुतळ्यावर धूळ होऊन बसतात, हात फिरवला तर सँडपेपर. आम्ही गच्चीवर पहाटे, सूर्य वर यायच्या आत, वीतभर अंतरावरून छोटे छोटे फवारे मारायचो. शेजारचे आजोबा त्याच वेळी गच्चीवर प्राणायाम करतात. त्यांच्या वाऱ्याची दिशा बघून आमचं काम चालायचं. त्यांनी एकदाही विचारलं नाही की हे काय चाललं आहे, फक्त त्या दिवसांत भस्त्रिका खाली अंगणात जाऊन करू लागले.

आषाढाच्या गटाबद्दल मात्र मी भरपूर बोलणार आहे, कारण रोही माझे लाडके आहेत. अशा फौजांत स्वार असतात ते मोठ्या शिंगांच्या सांबरासारख्या जनावरांवर. पुतळ्याची छपाईची फाइल तशीच विकत मिळाली आणि मावसभावाने त्याच्या रेझिन प्रिंटरवर छापून दिली. छापल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवून अतिनील दिव्याखाली पक्की करायची, हे सगळं लॅबमध्ये रोजचंच, त्यामुळे ते काम माझ्याकडे. शिंगं मी कापून टाकली. आपल्याकडे रानातून पहाटे उडी मारून रस्ता ओलांडतो तो रोही. त्याची शिंगं अंगाच्या मानाने अगदी छोटी, सरळ, किंचित पुढे झुकलेली. ०.८ मिलिमीटरच्या स्टीलच्या तारेचे तुकडे कापले, टोकं घासून निमुळती केली, डोक्यात बारीक भोकं पाडून फेविक्विकने बसवली. पाठ पुढे उंच आणि मागे उतरती असते, म्हणून मानेच्या बुडाशी पुट्टी लावून खांदा चढवला. गळ्याखाली केसांचा झुबका लागतो, तो जुन्या ब्रशचे केस कापून केला.

रंगवताना इथे लूपची परवानगी होती. नर रोही नुसता राखाडी नसतो. त्या राखाडीत निळं असतं, आणि उन्हात ते निळं जास्त दिसतं. मी गडद निळसर राखीपासून सुरुवात करून पाठीकडे उजळ करत गेले, पातळ पातळ थरांत, प्रत्येक थर दुधाळ पाण्याएवढाच. पाय काळपट. गळ्यावर पांढरा पट्टा. आणि खुरांच्या वर पांढरे मोजे, मध्ये काळी पट्टी सोडून. त्या मोज्यांसाठी सुयांसारखे ब्रश घेऊ नका. त्यांत रंग मावत नाही, दोन रेषा ओढल्या की कोरडे. एक नंबरचा कोलिन्स्की केसांचा ब्रश घ्या, ज्याच्या पोटात पाणी राहतं आणि टोक तरी सुईसारखं मिटतं. पोर्सलिनसाठी आमच्याकडे असतो तोच. ब्रश स्थिर धरायचा, पाय बुचासकट फिरवायचा, रेषा आपोआप गोल येते. दातावर मानेशी रेषा काढताना हेच करतो आम्ही. पाचवा रोही मी मान वळवून मागे बघणारा केला, कारण गाडीच्या उजेडात ते तसेच बघतात, पळायचं की नाही हे ठरवत.

कोराडीवाल्यांचं काटोलकडे वावर आहे. त्यांनी रोही हातात घेतला, चष्मा वर करून नीट बघितला आणि म्हणाले, "लई सुंदर बनवला वो ताई. पण याच्यावर मी पहिला बाण मारीन. तूर खाल्ली माझी यानं."

आषाढ संपला आणि भांडण सुरू झालं. त्या वर्षी अधिक श्रावण होता, १८ जुलैपासून. आता हा महिना धरायचा की नाही? सरांचं म्हणणं, मलमासात नवीन काही हाती घेत नाहीत, म्हणून हा महिना हिशेबात नाही, अमावस्येला हजेरीही नाही. कोराडीवाले मागे पडले होते, त्यांना अचानक पंचांगाबद्दल प्रचंड श्रद्धा उत्पन्न झाली. माझ्या मते पैज पाडव्याला लावली तेव्हा अधिक महिना पंचांगात छापलेलाच होता, कुणी लपवला नव्हता. शेवटी सरांचं ऐकलं, कारण घर त्यांचं. हजेरी नाही, पण रंगवायला मनाई नाही. सगळ्यात मजा मावसभावाची. आदल्या वर्षी लग्न झालेलं, त्यात पहिला अधिक महिना, सासरी जावयाला अनारसे. फुकटात मिळालेला अख्खा महिना त्याने चांदीच्या ताटात जेवण्यात घालवला आणि त्याच्या फौजेतले ऑर्क, म्हणजे राक्षस, प्रायमरमध्येच उभे राहिले. पोहे त्याच्याकडून निज श्रावणात वसूल झाले.

म्हातारीबद्दल फार काही नाही. लुगडं तांबूस, केस पांढरे, हातात मोहाची काठी. एका बैठकीत झाली.

पळस मात्र वीतभर उंच. सांगाडा लॅबमधल्या जाड तारेचा, वर पुट्टी, पुट्टीवर दातकोरणीने ओढलेली साल. पळस फुलतो तेव्हा अंगावर पान नसतं, आणि फुलाच्या बुडाशी काळपट मखमली टोपी असते. त्या काळ्यामुळेच केशरी पेटल्यासारखा दिसतो. फूल पाच-एक सेंटिमीटरचं, म्हणजे आमच्या मापात मिलिमीटरभर. रवा! फांद्यांच्या टोकांना फेविक्विक, त्यावर जाडा रवा, वरून पुन्हा पातळ फेविक्विकचा थर म्हणजे किडे लागायचे नाहीत. मग सगळा रवा आधी काळा-तपकिरी रंगवला आणि नुसत्या वरच्या बाजूने केशरी टेकवला, सगळ्यात वर पिवळसर केशरी. काळा आतून दिसत राहिला पाहिजे, हीच त्यातली मेख. सरांनी बघितलं, दोन पावलं मागे सरकले, पुन्हा पुढे आले आणि म्हणाले, "हा मार्चचा पळस आहे आणि भुतं मे महिन्यातली." बरोबर आहे त्यांचं. मी सांगितलं की फौजेत सरदार आधी निघतो.

पोळा १४ सप्टेंबरला होता. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबत, म्हणजे ईडा-पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, नागपूरला सुटी. सकाळी इतवारीत जाऊन मिरवणूक बघितली. काळी मारबत १८८१ पासून निघते असं म्हणतात, आणि गर्दी बघून वाटतं तेव्हाची माणसं अजून घरी गेलेलीच नाहीत. दुपारी सरांच्या टेबलावर चारही फौजा. लढाईचं विशेष सांगण्यासारखं नाही, मी आणि सर एका बाजूला होतो आणि आम्ही हरलो. लक्षात राहिलं ते एवढंच, की फासे वाईट पडले की कोराडीवाले ओरडायचे, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" आणि पुढचा फासा खरंच बरा पडायचा. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून मी माझी फौज बघितली. तीस भुतं एकत्र उभी, पांढरट, पायाशी पाचोळा, आणि मागे तो केशरी भडका. डोळे कुणालाच नव्हते, आणि ते कुणी विचारलंही नाही.

त्यानंतर आठ दिवसांनी, २३ सप्टेंबरच्या पहाटे, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी वस्त्यांत शिरली. ज्यांची घरं त्या पाण्यात होती त्यांच्यापुढे खेळण्यांचं काय सांगायचं. मावसभाऊ तळमजल्यावर राहायचा. माणसं वर गेली, सुखरूप राहिली, हे आधी. ऑर्क खालच्या फळीवर होते, दिवसभर गढूळ पाण्यात. गाळ उपसून झाल्यावर त्याने ते बादलीत घालून माझ्याकडे आणले. साबणाच्या पाण्यात मऊ टूथब्रशने घासले, तर रंग जसाच्या तसा. अ‍ॅक्रिलिक एकदा वाळलं की पाण्याला दाद देत नाही. पण चकत्या सगळ्या बोडक्या. वाळू साध्या पांढऱ्या गोंदाने लावलेली, तो पाण्यात फुगून दुधाळ होऊन निघून गेला होता. आम्ही दोघांनी बसून सगळ्या चकत्या पुन्हा केल्या, या वेळी वॉटरप्रूफ गोंदाने. ऑर्कांच्या पायाशीही आता तुळशीचा पाचोळा आहे, कारण घरात तोच उरला होता.

आता लॅबमधल्या पोरीने मागितलेली कांडोळाच्या पांढऱ्याची कृती. प्रायमर राखी, पांढरा नव्हे. त्यावर वरच्या बाजूने हस्तिदंती रंगाचा हलका फवारा, म्हणजे खालच्या बाजूच्या सावल्या राखीच राहतात. मग गेरू आणि थोडा तपकिरी पाण्यात अगदी पातळ करून अंगभर, तो खळग्यांत आपला आपण बसतो. पूर्ण वाळू दे, घाई केलीस तर डाग पडतील. मग मोठा मऊ ब्रश, हस्तिदंतीत थोडा पांढरा, कागदावर पुसून पुसून जवळजवळ कोरडा झाला की कडांवरून फिरवायचा. गुडघे, खांदे, कपाळ. सुटलेल्या सालीच्या खाली गुलाबीचा एक पातळ हात, सगळ्यांना नको, दहातल्या तिघा-चौघांना. ट्यूबलाइटखाली पांढरा एक दिसतो आणि खिडकीत दुसरा, तेव्हा छटा खिडकीतच बघ, दोन-चार सेकंद बघून नजर राखी कागदावर ने आणि पुन्हा बघ, कॅपसाठी शिकवलं आहे तसंच. मॅट वॉर्निश ब्रशने, आणि तेही पाऊस पूर्ण गेल्यावर, नाहीतर पांढऱ्यावर धुकं धरतं.

ब्रश मात्र स्वतःचा विकत घे. लॅबमधले एक नंबरचे मी मोजून ठेवलेले आहेत.